किल्ल्या कोणाच्या हातीं?

पाठीचे मणके हातांनीं दाबून व्याधि हटविण्याची कायरोप्रॅक्टिक ही उपचारपद्धति डी. डी. पामर यांनीं अमेरिकेंत, आयोवा राज्यांतील डॅव्हनपोर्ट गांवीं, १८९५ सालीं सुरू केली. परवान्यावांचून वैद्यकी केल्याबद्दल १९०६ सालीं या गृहस्थांना तुरुंगहि पाहावा लागला. या विद्येस परवाना देणारा पहिला कायदा कॅन्सस राज्यानें १९१३ सालीं केला; शेवटचा, लुइझियानानें १९७४ सालीं. ज्यांनीं इतकीं वर्षें दाराबाहेर काढलीं, त्यांनीं आंत गेल्यावर दाराची व्यवस्था कशी ठेविली, हें श्रोत्यांनीं पाहण्याजोगें आहे.

आज तेथील विद्यार्थ्याला तीन दारें ओलांडावीं लागतात. त्याचें कॉलेज मान्यताप्राप्त असावें लागतें. ही मान्यता १९७१ सालीं नोंदलेली 'कौन्सिल ऑन कायरोप्रॅक्टिक एज्युकेशन' ही संस्था देते. मग १९६३ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय परीक्षक मंडळाच्या परीक्षा. शेवटीं राज्याच्या मंडळाचा परवाना. पहिल्या दोन्ही संस्था खासगी. पण राज्यांचे नियम त्यांच्याकडे बोट दाखवितात, म्हणून त्यांच्या शब्दाला कायद्याचें बळ येतें. आणखी एक गंमत अशी कीं, राज्य-मंडळांचे प्रतिनिधि परीक्षक मंडळाचे संचालक निवडतात, आणि तींच राज्य-मंडळें ती परीक्षा उमेदवारांस सक्तीची करितात! फी अर्थात् विद्यार्थ्यानें भरावयाची.

एक दार मिटलें म्हणजे काय होतें, तें जॉर्जिया राज्यांतील लाइफ विद्यापीठानें अनुभवलें. २००२ सालीं कौन्सिलनें त्याची मान्यता काढून घेतली. निर्णय योग्य कीं अयोग्य, हा वाद बाजूस ठेवूं. पण पुष्कळ विद्यार्थी अर्ध्यावर दुसरीकडे गेले. २००३ सालीं न्यायालयाच्या हुकुमानें ती मान्यता पुन्हां मिळाली.

उत्तर कॅरोलायनांतील दंतवैद्यांच्या मंडळाविरुद्धच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं असा निकाल दिला कीं, धंदा करणाऱ्यांच्याच मुठींत असलेल्या राज्य-मंडळावर सरकारची जागती देखरेख नसेल, तर मक्तेदारीविरोधी कायद्यांतून त्याला सूट नाहीं. हा निकाल राज्य-मंडळांपुरता झाला. मान्यता देणाऱ्या संस्थेस संघसरकारच्या शिक्षणखात्यापुढें ठराविक मुदतीनें उभें राहावें लागतें. परीक्षक मंडळाचें तसें नाहीं. नफा न वांटणारी संस्था म्हणून त्याला वार्षिक हिशेबपत्रक भरावें लागतें. फीचें उत्पन्न किती व संचालकांस काय मिळालें, तें त्यांत कोणासहि वाचतां येतें. संचालकांस मतें कोणीं व कां दिलीं, तें मात्र त्या पत्रकांत नसतें.