मोटार-विमापत्राची अनुसूची
मोटारगाडीच्या विमापत्राच्या अग्रभागी जोडलेले व त्या विशिष्ट कराराचे तपशील नमूद करणारे पत्रक. विमापत्राचा उर्वरित मजकूर, म्हणजे जोखमींचे वर्णन, अपवाद व अटी, एका वर्गातील सर्व गाड्यांसाठी सामान्यतः एकसारखा असतो. कोणाची गाडी, किती काळ, किती रकमेपर्यंत व कोणत्या वापरासाठी संरक्षित आहे, हे मात्र अनुसूचीवरूनच ठरते. अमेरिकेत अशा पत्रकाला ‘घोषणापृष्ठ’ या अर्थाचे नाव आहे. भारतात ते बहुधा विमा प्रमाणपत्राला जोडूनच दिले जाते. या दोहोंचे कार्य वेगळे आहे : प्रमाणपत्र हा कायद्याने सक्तीचा विमा उतरविल्याचा पुरावा होय, तर अनुसूची हा विमेदार व विमा कंपनी यांच्यातील कराराचा भाग असतो.

त्रयस्थ पक्षाबाबतच्या दायित्वाचा विमा १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमान्वये १ जुलै १९४६ पासून सक्तीचा झाला. सांप्रत ही सक्ती १९८८ च्या अधिनियमातील कलम १४६ खाली आहे. १९७३ मध्ये सर्वसाधारण विमाव्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले. २००२ च्या अखिल भारतीय मोटार दरपत्रकाने विमापत्रांचा मसुदा व दर देशभर एकसारखे केले. २००७ च्या आरंभापासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर कंपन्यांच्या मर्जीवर सोडण्यात आले. पण मसुदा बव्हंशी तोच राहिल्याने कंपनी कोणतीही असली, तरी अनुसूचीची मांडणी ओळखीची वाटते.

अनुसूचीत प्रथम विमेदाराचे नाव व पत्ता, नोंदणी क्रमांक, एंजिन व सांगाडा यांचे क्रमांक, निर्मितिवर्ष, एंजिनाची घनक्षमता आणि आसनसंख्या असते. हे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी अक्षरशः जुळले पाहिजेत. नोंदणीचे ठिकाण हाही दराचा एक घटक आहे. खाजगी मोटारींसाठी दरपत्रकाने देशाचे दोन विभाग पाडले. मुंबई, पुणे यांसह आठ मोठी शहरे ‘अ’ विभागात व बाकीचा सर्व प्रदेश ‘ब’ विभागात येतो. त्यामुळे धुळे (एमएच १८), जळगाव (एमएच १९) व नंदुरबार (एमएच ३९) येथे नोंदलेल्या मोटारी ‘ब’ विभागातील ठरतात. पुण्यात नोंदलेली जुनी मोटार विकत घेऊन चाळीसगावास वा अमळनेरास वापरली, तरी नोंदणी बदलेपर्यंत ती ‘अ’ विभागातीलच समजली जाते.

अशा जुन्या गाडीच्या बाबतीत नावाचा प्रश्न अधिक गंभीर असतो. कलम १५७ प्रमाणे मालकी बदलताच त्रयस्थ पक्षासंबंधीचे संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप गेले असे मानले जाते व त्याने चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून नाव बदलून घ्यावयाचे असते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीला मात्र हा नियम लागू होत नाही. अनुसूचीत पूर्वीच्याच मालकाचे नाव असताना गाडी चोरीस गेली, तर ज्याचे नाव आहे त्याची गाडी नाही व ज्याची गाडी आहे त्याचे नाव नाही, अशा पेचात दावा सापडतो. गाडी कर्जावर घेतलेली असल्यास बँकेचे नाव पृष्ठांकनाने नमूद होते व संपूर्ण नुकसानीची भरपाई प्रथम तिला दिली जाते. कर्ज फिटल्यावर हे पृष्ठांकन काढून घेण्याकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते.

मुदतीच्या रकान्यात तारखेबरोबर वेळही दिलेली असते. १९३८ च्या विमा अधिनियमातील कलम ६४ (व्हीबी) नुसार हप्ता आधी मिळाल्याशिवाय कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही. नुसती तारीख असेल, तर विमा त्या दिवसाच्या मध्यरात्रीपासून सुरू झाला असे धरले जाते. विशिष्ट तास-मिनिटे लिहिली असतील, तर तेथूनच तो लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांवरून ठरले आहे. सकाळी अपघात व दुपारी विमा, या प्रकारातील दावे या एका रकान्यावर निकालात निघतात. नव्या मोटारींना १ सप्टेंबर २०१८ पासून त्रयस्थ पक्षाचा विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो, परंतु स्वतःच्या नुकसानीचा विमा एक वर्षाचाही असू शकतो; म्हणून दोन्ही मुदती स्वतंत्रपणे वाचणे अवश्य असते.

विमेदाराने घोषित केलेले गाडीचे मूल्य ही चोरी वा संपूर्ण नुकसान झाल्यास मिळणारी कमाल रक्कम होय. ते निर्मात्याच्या जाहीर विक्री-किंमतीतून वयानुसार घसारा वजा करून काढतात : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, पुढे दोन, तीन, चार व पाच वर्षांपर्यंत अनुक्रमे २०, ३०, ४० व ५० टक्के. आठ लाख रुपये किंमतीच्या व दोन वर्षांहून जुन्या, पण तीन वर्षे पूर्ण न झालेल्या मोटारीचे मूल्य याप्रमाणे ५,६०,००० रुपये येते. दुरुस्तीचा खर्च याच्या ७५ टक्क्यांहून, म्हणजे ४,२०,००० रुपयांहून अधिक झाल्यास गाडी संपूर्ण निकामी मानतात. हप्ता वाचविण्यासाठी हे मूल्य कमी दाखविणे हा खोटा व्यवहार ठरतो. दुरुस्तीच्या दाव्यातही रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो आणि सक्तीची वजावट (१,५०० घ. सेंमी. पर्यंतच्या मोटारींस १,००० रुपये) विमेदारावरच पडते.

हप्त्याचे दोन रकाने असतात : एक स्वतःच्या नुकसानीचा व दुसरा दायित्वाचा. पहिला कोरा असेल, तर ते ‘केवळ दायित्व’ विमापत्र समजावे. अशा विमापत्रावर मोटार जळाली वा चोरीस गेली, तरी काहीही मिळत नाही. दावा न केल्याबद्दलची सवलत २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. ती गाडीची नव्हे, विमेदाराची असते आणि नव्वद दिवसांत नूतनीकरण न केल्यास बुडते.

दोन्ही रकान्यांतील भेद सर्वांत तीव्रतेने जाणवतो तो गाडीत बसलेल्यांच्या बाबतीत. शेजाऱ्याला दवाखान्यात नेताना वा लग्नाला जाताना अपघात झाला, तर सर्वसमावेशक विमापत्राखाली खाजगी मोटारीतील प्रवाशांच्या भरपाईचे दायित्व कंपनीवर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मान्य केले. केवळ दायित्वाच्या विमापत्राखाली फुकट नेलेल्या प्रवाशाला ते संरक्षण नाही. सर्वसमावेशक विमापत्रातही ‘वापराची मर्यादा’ हा मजकूर आडवा येतो. खाजगी मोटार भाड्याने वा मोबदल्यासाठी चालविणे, तीत वैयक्तिक सामानाखेरीज माल वाहणे, शर्यत व मोटार-व्यापार यांचा वापर वर्ज्य असतो. मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर या महामार्गांचा धुळ्याजवळ छेद होतो. त्यांवर व यात्रा-बाजारांच्या दिवशी खाजगी जिपांतून माणशी भाडे घेऊन प्रवासी नेण्याचा प्रघात सर्वपरिचित आहे. तो अनुसूचीतील या एका ओळीने विमासंरक्षणाबाहेर जातो.

मालवाहू गाडीची अनुसूची याहून कठोर आहे. माल घेऊन जाणारा मालक वा त्याचा प्रतिनिधी यांना १९९४ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले. गाडीच्या कामावर ठेवलेल्या मजुरांचा विचार स्वतंत्रपणे होतो. मात्र मालावर बसून प्रवास करणारा सामान्य प्रवासी सक्तीच्या विम्यात येत नाही, असे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. केळी व पपई यांच्या तोडणीच्या हंगामात जळगाव जिल्ह्यात मजूर मालट्रकवर बसून ये-जा करतात. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईचा ट्रक उलटून पंधरा मजूर मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनेत मृत व्यक्ती कामगार होती की प्रवासी आणि अनुसूचीत किती कामगारांचा हप्ता भरला आहे, यावर वारसांना विमा कंपनीकडून भरपाई मिळणे अवलंबून असते. गाडीमालकाचे दायित्व टळत नाही, परंतु एकच ट्रक असलेल्या मालकाकडून लाखो रुपये वसूल होणे दुरापास्त असते.

चालकाच्या कलमात वैध परवान्याची अट असते. तिचा भंग मालकाच्या निष्काळजीपणामुळे झाला हे कंपनीने सिद्ध करावे लागते. तसे झाल्यावरही त्रयस्थाला आधी रक्कम देऊन ती मालकाकडून वसूल करण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते, असे २००४ च्या निर्णयाने ठरले. ७,५०० किग्रॅ. पर्यंतची वाहतूक-गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, हा वाद ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मिटला. खानदेशातील हे दावे जिल्हास्तरीय मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांपुढे चालतात व त्यांवरील अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील खंडपीठाकडे जातात.