एका रात्रीत झालेला अनुवाद

4 फेब्रुवारी 1840. न्यूझीलंडच्या उत्तर टोकाजवळच्या बे ऑफ आयलंड्समध्ये हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याच्या हाती दुपारी एक इंग्रजी मसुदा आला. सकाळपर्यंत त्याचा माओरी भाषेत अनुवाद हवा होता. विल्यम्स आणि त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा एडवर्ड रात्रभर बसले. दोघांनाही कायद्याचं शिक्षण नव्हतं. त्या रात्री त्यांनी निवडलेल्या शब्दांवरून न्यूझीलंडमध्ये आजही कोर्टात, संसदेत आणि रस्त्यावर वाद होतात.

हा मसुदा वाइटांगीच्या तहाचा होता. ब्रिटिश नौदलातले कॅप्टन विल्यम हॉब्सन हा तह करण्यासाठी नुकतेच येऊन पोचले होते. त्या वेळी या बेटांवर युरोपीय जेमतेम दोन हजार होते आणि इथले मूळ रहिवासी माओरी त्यांच्या कितीतरी पट. त्यामुळे ब्रिटिशांना इथे बोलणी करणं भागच होतं. त्यातच न्यूझीलंड कंपनी नावाची खासगी कंपनी लंडनमध्ये इथल्या जमिनी विकत होती आणि तिची वसाहतीची जहाजं किनाऱ्याला लागूही लागली होती.

तहाची कलमं फक्त तीन. इंग्रजी मजकुराच्या पहिल्या कलमात माओरी प्रमुख आपलं सार्वभौमत्व राणी व्हिक्टोरियाला पूर्णपणे देऊन टाकतात. माओरी मजकुरात त्या जागी शब्द आला ‘कावानातांगा’. ‘गव्हर्नर’वरून मिशनऱ्यांनीच घडवलेला हा शब्द. माओरींना गव्हर्नर माहीत होते ते सिडनीतले, आणि बायबलमधला पाँटियस पिलात. मराठी वाचकाला गादी आणि कारभार यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजी कागद गादी मागत होता, माओरी कागद कारभार. दुसऱ्या कलमात तर माओरी मजकुराने प्रमुखांना त्यांच्या जमिनी, गावं आणि ‘ताओंगा’, म्हणजे त्यांच्या लेखी मोलाचं जे जे काही, त्या सर्वांवर ‘रांगातिरातांगा’ची, पूर्ण प्रमुखपणाची हमी दिली. तिसऱ्या कलमाने त्यांना ब्रिटिश प्रजेचे हक्क मिळाले.

यातली सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की नेमका शब्द मिळाला नाही असं म्हणायलाही जागा नाही. पाचच वर्षांपूर्वी, 1835 मध्ये, उत्तरेकडच्या प्रमुखांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला होता. त्याच्या माओरी मजकुरात सर्वोच्च सत्तेसाठी ‘माना’ हा शब्द होता, आणि त्या कामातही हेन्री विल्यम्स होते. ‘तुमचा माना द्या’ असं तहात लिहिलं असतं, तर सही करायला कितीजण पुढे आले असते?

5 तारखेला दिवसभर चर्चा झाली. अनेक प्रमुखांनी हॉब्सनना परत जायला सांगितलं. 6 तारखेला सह्या सुरू होणार तेवढ्यात विल्यम कोलेन्सो या मिशनरी मुद्रकाने विचारलं, की या लोकांना कागदात काय आहे ते खरंच समजलंय का? प्रश्न नोंदला गेला, काम थांबलं नाही. पहिली सही होने हेके यांची. पुढच्या काही महिन्यांत तहाच्या प्रती देशभर फिरल्या आणि सुमारे 540 जणांनी सह्या केल्या. कित्येकांनी सही म्हणून आपल्या चेहऱ्यावरच्या गोंदणाचा एखादा भाग काढला. चाळीसही नसतील इतक्यांनी इंग्रजी मजकुरावर सही केली. बाकी सर्वांनी माओरी मजकुरावर. वाइकातो प्रदेशाचे ते व्हेरोव्हेरो यांच्यासारख्या काही बड्या प्रमुखांनी मात्र सही केलीच नाही.

पहिली सही करणाऱ्या त्याच हेकेंनी 1844-45 मध्ये बे ऑफ आयलंड्समधल्या कोरोरारेकाचा ब्रिटिश ध्वजस्तंभ चार वेळा तोडायला लावला.

वसाहत वाढत गेली तसा तह मागे पडला. 1852 च्या कायद्याने गोऱ्यांना स्वतःची संसद मिळाली. मताधिकार मालमत्तेवर होता. माओरींची जमीन सामाईक, म्हणून बहुतेक माओरी मतदानाबाहेर राहिले. 1858 च्या सुमारास गोऱ्यांची संख्या माओरींपेक्षा जास्त झाली. त्याच वर्षी माओरींनी आपला राजा निवडला, तो ते व्हेरोव्हेरो. 1863 मध्ये सरकारी फौजा वाइकातोत शिरल्या आणि बंडाच्या नावाखाली दहा लाख एकरांहून जास्त जमीन जप्त झाली. उरलेली जमीन पोखरण्याचं काम 1865 च्या जमीन न्यायालयाने केलं: सामाईक मालकी मोडून नावावर करायची आणि मग एकेका नावाकडून विकत घ्यायची. 1877 मध्ये सरन्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी तहाला कायद्याच्या दृष्टीने शून्यच ठरवलं. 1907 मध्ये वसाहतीची ‘डोमिनियन’, म्हणजे साम्राज्यातला स्वशासित देश, झाली. 1947 मध्ये कायदे करण्याची पूर्ण मुभाही मिळाली. देश स्वतंत्र होत गेला, पण ज्या कागदावर तो उभा होता त्याच्या कडा उंदरांनी आणि पाण्याने खाल्ल्या होत्या. हे अक्षरशः खरं आहे. 1908 मध्ये तहाची पानं अशाच अवस्थेत सापडली.

चित्र पालटलं ते माओरींनी पालटवलं. 1975 मध्ये 79 वर्षांच्या फिना कूपर उत्तर टोकावरून निघाल्या आणि सुमारे हजार किलोमीटरचा मोर्चा वेलिंग्टनला संसदेवर पोचला. त्याच वर्षी वाइटांगी लवाद स्थापन झाला. आधी तो फक्त नव्या तक्रारी ऐकू शकत होता. 1985 मध्ये त्याला 1840 पर्यंत मागे जाण्याचा अधिकार मिळाला आणि शतकभराचं साचलेलं बाहेर आलं. 1995 मध्ये वाइकातोच्या जप्तीबद्दल 17 कोटी डॉलरचा समझोता झाला. राणी एलिझाबेथ यांनी त्या कायद्यावर न्यूझीलंडमध्ये स्वतः सही केली, आणि कायद्यात माफी लिहिलेली होती. 17 कोटी ही गेलेल्या जमिनीच्या मोलापुढे फारच थोडी रक्कम, पण राजसत्तेने चूक लेखी कबूल केली याचं वजन वाइकातोच्या लोकांनी ओळखलं.

अशाच एका समझोत्यातून 2017 मध्ये व्हांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळाला. काही दिवसांतच उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेलाही तो दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पुढे त्याला स्थगिती दिली.

2024 मध्ये तहाच्या तत्त्वांची नव्याने व्याख्या करणारं विधेयक आलं. तरुण माओरी खासदार हाना-राव्हिती मायपी-क्लार्क यांनी सभागृहात त्याची प्रत फाडून ‘हाका’, म्हणजे माओरींचं पारंपरिक सामूहिक नृत्य, सुरू केला. हजारो लोक चालत वेलिंग्टनला आले. एप्रिल 2025 मध्ये विधेयक 112 विरुद्ध 11 मतांनी पडलं. संसदेपासून थोड्या अंतरावर, राष्ट्रीय ग्रंथालयाच्या मंद उजेडाच्या दालनात तहाची कुरतडलेली पानं ठेवली आहेत. त्याच दालनात 1835 चा तो जाहीरनामाही आहे, ‘माना’ हा शब्द असलेला.