‘सी.आय.डी.’ : आमच्या प्रेक्षकांच्या नजरेतून

जुन्या चित्रपटाविषयी समीक्षक काय म्हणतात ते आपण आवर्जून वाचतो. पण तो पाहणाऱ्या सामान्य माणसाला मात्र सहसा कोणी विचारीत नाही. राज खोसला दिग्दर्शित ‘सी.आय.डी.’ (१९५६) हा हिंदी गुन्हेपट यंदाच्या सुट्टीत आमच्या घरच्या व शेजारच्या मंडळींनी एकत्र बसून पाहिला. वैतरण्याच्या या प्रेक्षकांची मते काय पडली आणि ती तशी का पडली, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. यांत कोणीही अभ्यासक नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली.

प्रथम कथा थोडक्यात. मुंबईतील एका वृत्तपत्राचा संपादक एका बड्या असामीचे काळे धंदे उघडकीस आणणार असतो. त्याचा कार्यालयातच खून होतो. मास्टर नावाचा भुरटा चोर (जॉनी वॉकर) तेथेच असतो. इन्स्पेक्टर शेखर (देव आनंद) मारेकऱ्यास पकडतो. परंतु मारेकरी कोठडीत मरतो आणि खापर शेखरवर फुटते. कायद्याचा रक्षकच आरोपी होऊन पळू लागतो! निर्माते गुरुदत्त, छायालेखक व्ही. के. मूर्ती, संगीतकार ओ. पी. नय्यर. वहिदा रहमान यांचा हा पहिला हिंदी चित्रपट.

अशा चित्रपटांना ‘नुआर’, म्हणजे काळा, हे नाव फ्रेंच समीक्षकांनी १९४६ साली दिले. महायुद्धाच्या काळात जर्मन अमलाखालील फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट येत नव्हते. युद्धानंतर ते एकदम आले, तेव्हा त्यांतील अंधार आणि माणसाचा माणसावरचा अविश्वास तेथील समीक्षकांच्या नजरेत भरला. मुंबईच्या चित्रपटांत हे वळण गुरुदत्त यांच्याच ‘बाजी’त (१९५१) ठळकपणे दिसले होते.

आता मतांकडे वळू. आजीचा आक्षेप अगदी सरळ होता : “खून कोणी केला ते ठाऊकच आहे, मग शोधायचं काय राहिलं?” वास्तविक पाहता आजीने या प्रकाराच्या मर्मावरच बोट ठेवले. रहस्यकथेत ‘कोणी केले?’ हा प्रश्न असतो. येथे ‘कोणाच्या सांगण्यावरून केले?’ हा असतो. सुरा चालवणारा हात लवकर सापडतो, त्यामागचा प्रतिष्ठित माणूस सापडत नाही.

शेजारच्या काकूंना चित्रपट फार काळोखा वाटला. “चेहरेसुद्धा धड दिसत नाहीत,” असे त्या म्हणाल्या. त्यावर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणारे काका म्हणाले, “रात्री एकट्याने चालताना असंच दिसतं. दिव्याखाली तेवढा उजेड, पुढे काहीच नाही.” मूर्तींच्या छायालेखनाचे याहून सोपे स्पष्टीकरण मला तरी देता येणार नाही. उजेड मोजकाच ठेवला म्हणजे सावल्या लांबतात, आणि सावलीत कोण उभे आहे ही शंका पात्रांप्रमाणे आपल्यालाही छळते.

डहाणू लोकलने रोज मुंबईला जाणाऱ्या माझ्या चुलतभावाला गंभीर कथेत गाणी खटकली. मात्र मुंबईत जगणे किती अवघड आहे हे हसत हसत सांगणारे जॉनी वॉकरवरचे गाणे त्याला तोंडपाठ निघाले! शिवाय येथील गाणे नेहमीच कथा अडवून धरीत नाही. खलनायकाचे लक्ष वेधून शेखरला निसटायला वाव मिळावा म्हणून कामिनी गाते, तेव्हा ते गाणे म्हणजेच कथेतील कृती असते.

या कामिनीविषयी (वहिदा रहमान) आई म्हणाली, “ती वाईट नाही, अडकलेली आहे.” ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) या अमेरिकन चित्रपटातील नायिका प्रियकराकरवी नवऱ्याचा खून करवते आणि अखेर त्याच्याच गोळीला बळी पडते. आपल्याकडे कामिनीला मन बदलण्याची संधी मिळते. काहींना ही तडजोड वाटेल. आईला मात्र ती न्यायाची गोष्ट वाटली.

सर्वांत वेगळे मत बाबांचे. त्यांना देव आनंद आवडला नाही की वहिदाही नाही. त्यांचे लक्ष मास्टरवर होते. हा माणूस खुनाच्या वेळी हजर असतो, पण साक्ष द्यायला कचरतो. विनोदी पात्र म्हणून बाकीचे हसत होते, तेव्हा बाबा म्हणाले, “पाहिलेलं सांगायलासुद्धा ऐपत लागते.” त्यांचे म्हणणे असे की, शेखर अधिकारी असूनही त्याच्यावर आळ आला, मग ज्याच्यामागे कोणीच नाही त्याने तोंड कशाच्या भरवशावर उघडावे? एका भुरट्या चोराच्या भीतीत या चित्रपटाचा सगळा काळोख सामावलेला आहे, हे माझ्या ध्यानात आले ते बाबांच्या या वाक्यामुळे.

तात्पर्य, एकच चित्रपट पाहून प्रत्येकाने आपल्या जगण्यातला तुकडा उचलला. हे केवळ आवडनिवड सांगणे नव्हे. दिग्दर्शकाने काय केले आणि त्याचा परिणाम काय झाला, हे प्रत्येकाने आपापल्या शब्दांत सांगितले, आणि वर्गात आपण रसग्रहण म्हणतो ते याहून फारसे निराळे नसते. फरक इतकाच की आपली उत्तरे तपासली जातात, त्यांना गुण मिळतात. बाबांचे वाक्य कोणी लिहून घेत नाही.

म्हणून माझ्या विद्यार्थिमित्रांना एकच सुचवावेसे वाटते. पुढच्या वेळी एखाद्या कलाकृतीवर लिहायला बसाल तेव्हा ग्रंथालयातील पुस्तके अवश्य चाळा. पण त्याआधी ती कलाकृती घरच्यांना दाखवा आणि त्यांचे बोलणे जसेच्या तसे टिपून घ्या. ज्यांना आजवर कोणी मत विचारले नाही, त्यांच्याजवळ ते नसते असे मुळीच नाही.