स्मृतिभ्रंश, ओळख आणि पुरावा : गुन्हेकथेतील एका आशयसूत्राचा विचार

स्मृती हरवलेला माणूस आणि त्याच्या जिवावर उठलेला गुन्हेगार हे दूरचित्रवाणीवरील गुन्हेकथांचे एक आवडते कथानक आहे. अभ्यासक सहसा त्याची ‘मालिकेतील एक क्लृप्ती’ म्हणून बोळवण करतात. परंतु ज्याला स्वतःविषयी साक्ष देता येत नाही त्याची ओळख कोणी व कशाच्या आधारे ठरवावयाची, हा गंभीर प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. तो आपल्या वाङ्मयपरंपरेत फार पूर्वीपासून विचारला गेला आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१

मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ या मालिकेने पोलिसी तपासाची कथा मराठी घरांत पोहोचविली. तिच्याशी संबंधित असलेले बी. पी. सिंग व शिवाजी साटम पुढे ‘सी.आय.डी.’ या हिंदी मालिकेत एकत्र आले. ही मालिका १९९८ ते २०१८ या काळात चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. आदित्य श्रीवास्तव यांनी साकारलेल्या अभिजित या अधिकाऱ्याच्या पूर्वायुष्यातील काही स्मृती पुसल्या गेल्या आहेत, अशी तीत कल्पना आहे. इतरांचे गुन्हे उकलणाऱ्या माणसाला स्वतःच्याच भूतकाळाचा तपास करावा लागतो, ही या योजनेतील लक्षणीय गोष्ट आहे.

अशा भागांची रचना ज्ञानाच्या विषम वाटणीवर उभी असते. गुन्हेगार स्मृतिभ्रष्टाला ओळखतो. स्मृतिभ्रष्ट मात्र गुन्हेगाराला ओळखत नाही आणि स्वतःलाही ओळखत नाही. रुग्णालयात ‘मी तुझा भाऊ’ असे म्हणत येणाऱ्यावर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. प्रेक्षकाला खुनी आधीच ठाऊक असेल, तर त्या भेटीतून भय निर्माण होते. ठाऊक नसेल, तर कुतूहल. दोन्ही पक्षी धोक्याचे कारण एकच राहते. त्या माणसाची ओळख इतरांच्या हाती गेलेली असते. शिवाय ज्याला आठवत नाही तो साक्षीदार आहे की आरोपी, हेही अनिश्चित असते.

२

या आशयसूत्राचे प्राचीन रूप शोधू लागलो, तर शकुंतलेच्या कथेपाशी यावे लागते. महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंताला सर्व काही आठवत असते. तेथे शापही नाही आणि मुद्रिकाही नाही. तो जाणूनबुजून शकुंतलेला नाकारतो आणि आकाशवाणीनंतर लोकापवादाचे कारण पुढे करतो. कालिदासाने या नकाराचे विस्मरणात रूपांतर केले. दुर्वासाच्या शापामुळे राजा दोषमुक्त होतो; परंतु शकुंतलेचे दुःख त्यामुळे कमी होत नाही. विस्मृती हे निरपराधित्वाचे कारण होऊ शकते, हा विचार येथे नाट्यरूप घेतो.

त्याच नाटकाच्या सहाव्या अंकाचा आरंभ याहून महत्त्वाचा आहे. राजाच्या नावाची अंगठी विकताना सापडलेल्या कोळ्याला नगररक्षक बांधून आणतात आणि चोर समजून धमकावतात. माशाच्या पोटात अंगठी मिळाली, हे त्याचे सांगणे त्यांना खोटे वाटते. ती वस्तू राजापर्यंत जाते, राजाला स्मृती येते आणि कोळ्याची सुटका होते. आरोपी, चौकशी, वस्तुरूप पुरावा व परतलेली स्मृती ही आजच्या गुन्हेमालिकेची सामग्री येथे एकाच सूत्रात गुंफलेली आढळते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ मराठी रंगभूमीवर आणले. मराठी संगीत नाटकाच्या वैभवकाळाचा प्रारंभ त्यापासून मानला जातो; म्हणजे तो एका विस्मृतीच्या कथेने झाला आहे.

फरक इतकाच, की ‘शाकुंतला’त विसरलेली व्यक्ती संकटात पडते, तर गुन्हेकथेत विसरणारी.

३

आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ (१९६२) या नाटकात तिसरी शक्यता दिसते. न्यायालयात उभा असलेला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे याची स्मृती शाबूत आहे; मात्र त्याला ओळखणाऱ्या प्रत्येकाची ओळख तो नाकारतो. प्रभाकर पणशीकरांनी साकारलेल्या या भूमिकेत हसू येते. तरी फसवल्या गेलेल्या स्त्रियांनाच आपली स्मृती खरी असल्याचे सिद्ध करावे लागते, ही त्या हसण्याखालची वेदना आहे. महाभारतातील दुष्यंताचा नकार येथे गुन्हा म्हणून न्यायासनासमोर आला आहे, असे म्हणता येईल.

४

वरील सर्व कथनांत सत्य अखेरीस सापडते. मुद्रिका मिळते, साक्षीदार पुढे येतात, मालिकेत डोक्यावर दुसरा आघात होतो आणि गेलेली स्मृती परतते. वैद्यकशास्त्राचा अनुभव वेगळा आहे. मेंदूला इजा झाल्यावर बहुधा आघाताच्या आसपासचे आठवत नाही किंवा नवे लक्षात राहत नाही. स्वतःचे नाव पूर्णपणे विसरणे विरळा आणि दुसऱ्या आघाताने बरे होणे ही केवळ कथाकारांची सोय आहे.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) ही सोय नाकारतो. मोहन आगाशे यांनी उभे केलेले चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक अल्झायमरच्या आजाराने विस्मरणाकडे गेले आहेत. ते एका हत्तीच्या मागे चालत जातात आणि हरवतात. येथे कोणी खलनायक नाही. गजबजलेले शहर हाच धोका आहे. माहुताची कन्नडभाषिक पत्नी चन्नम्मा (अमृता सुभाष) त्यांना सांभाळते. तिला त्यांचे नाव ठाऊक नसते, तरी त्यांना जेवू घालण्यासाठी तिला कोणताही पुरावा लागत नाही. ओळख पटण्याआधीच माणूस म्हणून केलेला स्वीकार हे या चित्रपटाचे उत्तर आहे, आणि ते पूर्वीच्या कथनांत सापडत नाही.

५

वणी परिसरात राहणाऱ्याला हा प्रश्न केवळ वाङ्मयीन वाटत नाही. चैत्रात व नवरात्रात सप्तशृंगगडावर लाखो भाविक येतात; खानदेशातून कित्येक जण पायी येतात. अशा गर्दीत हरवलेल्यांच्या नावांचा ध्वनिक्षेपकावरून पुकारा होतो. पण ज्या वृद्धाला नावच सांगता येत नाही, त्याचा पुकारा कसा करावयाचा? समोरच्या मार्कंडेय पर्वतावर ऋषींनी देवीमाहात्म्य सांगितले, अशी येथील श्रद्धा आहे. त्या ग्रंथातील स्तुतीत देवी सर्व प्राण्यांच्या ठायी स्मृतिरूपाने वसते, तशीच भ्रांतिरूपानेही वसते, असे मानले आहे. विसरलेला माणूसही त्या वसतीबाहेर नाही, असा त्याचा अर्थ घ्यावयास हरकत नाही.

गुन्हेमालिका प्रेक्षकाला ‘हा कोण?’ एवढेच विचारावयास शिकविते. त्याचे उत्तर मिळेपर्यंत त्याच्याशी कसे वागावयाचे, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. लोकप्रिय कथनांच्या अभ्यासकाने दोन्ही प्रश्न एकत्र ठेवले, तर अशा एखाद्या सामान्य भागातूनही त्याच्या हाती काही मोलाचे लागेल.