डायनोवरचा आकडा नेमका कशाचा?

अंधेरी असो की मुलुंड, गाडी रिमॅप करायला, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून घ्यायला निघालेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती बीएचपी वाढवून देता?’ डायनो म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणारं यंत्र; गॅरेज निवडताना बहुतेकांची फसगत त्यावरच्या आकड्यापायीच होते.

गैरसमज : जास्त आकडा दाखवणारा डायनो चांगला.

वस्तुस्थिती : माहितीपत्रकातला आकडा इंजिनचा असतो, रोलरवरचा चाकांचा. मध्ये गिअरबॉक्स आणि टायर साधारण 10 ते 20 टक्के ताकद खातात. 110 पीएसची पोलो टीएसआय रोलरवर 95 बीएचपीच्या आसपास आली, तर इंजिनात बिघाड नाही. शिवाय हवेचं तापमान, दाब आणि दमटपणा पाहून आकडा दुरुस्त केला जातो आणि त्याची मानकं निरनिराळी आहेत. रोलरवरच्या त्याच धावेला ‘एसएई’ऐवजी ‘एसटीडी’ मानक लावलं की आकडा सुमारे 4 टक्क्यांनी फुगतो. गाडीला हातही न लावता 150 चे 156! म्हणून बोरिवलीचा ग्राफ घाटकोपरच्या ग्राफशी ताडू नका. एकच डायनो, एकच गिअर, एकच मानक आणि कामाआधीचा व नंतरचा ग्राफ, एवढीच तुलना खरी.

गाळाही बघून घ्या. मे महिन्यात कोंदट गाळ्यात, बोनेटसमोर लहानसा पंखा लावून धाव घेतली, तर इंजिन तापलेली हवा ओढतं. नॉकिंग (इंधनाचं अवेळी पेटणं) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इग्निशनची वेळ मागे घेतो आणि ताकद घटते. मोठा ब्लोअर आणि खेळती हवा नसेल, तर तिथला आकडा विसरा.

गैरसमज : पूर्ण ॲक्सिलरेटरची एक धाव घेतली की ट्यूनिंग झालं.

वस्तुस्थिती : अंधेरी-घाटकोपर जोडरस्त्यावर पाय पूर्ण दाबायला मिळतो कुठे? रोजची गाडी पाव-अर्ध्या ॲक्सिलरेटरवर चालते. तो भाग नीट बसवायला इंजिन ठरावीक आरपीएमवर भाराखाली धरून ठेवावं लागतं. ते लोड डायनोला जमतं. नुसत्या जड ड्रमच्या इनर्शिया डायनोला नाही. तरी निवड करायचीच झाली, तर भारी यंत्रापेक्षा हवा-इंधनाचं प्रमाण आणि नॉक वाचता येणारा ट्यूनर मी आधी निवडेन.

बाकीचं थोडक्यात. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात रिमॅपचा फरक किरकोळच असतो. 100 ऑक्टेनवर बेतलेला मॅप घेतलात, तर टाकीत कायम तेच पेट्रोल हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं; जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. वॉरंटी आणि विम्याचा दावा दोन्ही अडकू शकतात.

पैसे देण्याआधी दोन्ही ग्राफ, वापरलेलं मानक आणि ईसीयूची मूळ फाइल मागून घ्या. यातलं काही द्यायला जे गॅरेज कां-कूं करेल, तिथे गाडी सोडू नका.