धोकादायक मालवाहतूक व चालक-प्रशिक्षण

स्फोटक, ज्वालाग्राही, विषारी, संक्षारक वा किरणोत्सर्गी असल्यामुळे वाहतुकीत माणसांना, मालमत्तेला किंवा परिसराला अपाय करू शकणाऱ्या पदार्थांस धोकादायक माल म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशींनुसार अशा मालाचे नऊ वर्ग पाडले असून पदार्थांना चार अंकी क्रमांक दिले आहेत, उदा., पेट्रोल १२०३, द्रवीकृत पेट्रोलियम वायू १०७५. वाहनावरील चौकटीत हा क्रमांक व वर्गदर्शक चित्र असते. यूरोपात या वाहतुकीसंबंधीचा करार १९५७ मध्ये जिनीव्हा येथे झाला व १९६८ पासून तो अंमलात आला.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ९ नुसार असा माल नेणाऱ्या चालकास एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता येणे आणि मान्यताप्राप्त संस्थेतील तीन दिवसांचा पाठ्यक्रम पूर्ण करणे आवश्यक आहे. त्यातील पहिले दोन दिवस सावध व कुशल वाहनचालनासाठी असतात. पदार्थांची ओळख व आपत्कालीन कृती यांच्या वाट्याला तिसरा दिवस येतो. मालाची माहिती चालकाला देण्याची जबाबदारी माल पाठविणाऱ्यावर व वाहनमालकावर आहे (नियम १३१ व १३२), तर अपघाताची वर्दी जवळच्या पोलीस ठाण्यास देणे हे चालकाचे कर्तव्य होय (नियम १३६).

हे प्रशिक्षण नव्याने ट्रक चालवू लागणाऱ्या प्रत्येकाला द्यावे काय, हा वादाचा विषय आहे. ज्याला घाटात गिअर बदलण्याचा पुरेसा सराव नाही, त्याच्यावर रसायनांचे ज्ञान लादू नये आणि टँकर अनुभवी माणसाच्याच हाती द्यावा, असे एक मत आहे. टँकरपुरते ते बरोबर आहे. अर्धवट भरलेल्या टाकीतील द्रव वळणावर डचमळतो, गुरुत्वमध्य सरकतो व बेताच्या वेगातही वाहन कलंडू शकते. वाचून येणारे हे कसब नव्हे. परंतु धोकादायक माल केवळ टँकरमधूनच जातो, हे या मतामागील गृहीतक कोकणात टिकत नाही.

सिंधुदुर्ग जिल्ह्याचा किनारा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पनवेल-कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ६६ (पूर्वीचा १७) खारेपाटणपासून बांद्यापर्यंत जिल्ह्यातून जातो. वायूचे टँकर याच वाटेने जातात. कसालला फुटून मालवणकडे उतरणाऱ्या रस्त्यावर मात्र माल सुटासुटा येतो: मच्छीमार नौकांसाठी डीझेल, बर्फाच्या कारखान्यांसाठी अमोनिया, वेल्डिंगसाठी ॲसिटिलीन, घरगुती वायूची नळकांडी आणि विहिरींच्या शुद्धीकरणासाठी ‘टीसीएल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विरंजक चूर्णाची पोती. हे चूर्ण स्वतः जळत नाही. पण डीझेल वा वंगण यांच्याशी संपर्क आल्यास आग लागू शकते आणि अम्लाशी संयोग झाल्यास विषारी क्लोरीन सुटतो. एकाच हौद्यात पोती व डीझेलचे पिंप शेजारी ठेवणाऱ्या नवख्या चालकाला आपण काय केले, याची कल्पनाही नसते. बिल्टीवर ‘पावडर’ एवढाच शब्द असला, तर ती यावी तरी कशी?

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. २० डिसेंबर २०२४ रोजी जयपूरजवळ भांकरोटा येथे वळण घेणाऱ्या वायूच्या टँकरला दुसऱ्या ट्रकने धडक दिली. वायू सुटून भडका उडाला व अनेकांचे प्राण गेले. टँकरचालक कितीही प्रशिक्षित असला, तरी समोरून येणाऱ्याला त्या चौकटीचा अर्थ कळत नसेल, तर प्रशिक्षण निम्मेच झाले, असे म्हणावे लागते. पूर्वीच्या महामार्ग १७ वरच, केरळमधील कण्णूरजवळच्या चाला येथे, २७ ऑगस्ट २०१२ रोजी टँकर उलटला. सुटलेला वायू लगतच्या घरांपर्यंत पसरून पेटला व त्यात २० जण दगावले. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो व सखल भागात साचतो. कोकणात त्याला व्हाळ, घळ, गटार सर्वत्र मिळतात. म्हणून इंजिन बंद करणे, विडी-काडी टाळणे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला व उंचावर जाणे आणि लोकांना दूर ठेवणे, ही पहिल्या काही मिनिटांतील कृती मागे अडकलेल्या प्रत्येक ट्रकवाल्याला ठाऊक असावी लागते. अंजणारी (ता. लांजे) येथे सप्टेंबर २०२२ मध्ये वायूचा टँकर काजळी नदीत कोसळला, तेव्हा महामार्ग बराच काळ बंद ठेवावा लागला होता.

अमोनियाची गोष्ट निराळी. तो हवेपेक्षा हलका असला, तरी द्रवरूपातून सुटताना थंड धुके होऊन खाली रेंगाळतो. पाण्यात तो सहज विरघळत असल्याने नाकातोंडावर धरलेला ओला कपडा पळून जाण्यापुरता उपयोगी पडतो. गोव्यात वास्कोजवळ चिखली येथे जानेवारी २०१८ मध्ये अमोनियाचा टँकर उलटला, तेव्हा रहिवाशांना रात्रीच घराबाहेर काढावे लागले.

तेव्हा दोन पायऱ्या करणे सयुक्तिक ठरेल. जड वाहनाच्या पहिल्या परवान्याच्या वेळीच प्रत्येकाला एका दिवसाची ओळख द्यावी: वर्गचित्रे, कोणता माल कशाजवळ ठेवू नये, गळती दिसताच काय करावे. टँकरचा तीन दिवसांचा पाठ्यक्रम व परवान्यावरील नोंद काही वर्षांच्या अनुभवानंतरच मिळावी. सर्वसाधारण व्यावसायिक चालकासाठी असलेली आठवी उत्तीर्णतेची अट २०१९ मध्ये रद्द झाली असल्याने पहिली पायरी छापील पुस्तिकेऐवजी चित्रे व प्रात्यक्षिके यांवर आधारावी लागेल. मालवणीत बोलणारा शिक्षक मिळाल्यास उत्तमच. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने धोकादायक मालाच्या परवान्याची मुदत एका वर्षावरून तीन वर्षांवर नेली असून, कायद्यातच नमूद असलेली दरवर्षीच्या एकदिवसीय उजळणीची अट काढून नूतनीकरणाच्या अटी ठरविण्याचे काम केंद्र शासनावर सोपविले आहे.