व्हिक्टोरिया सरोवरातलं बंदर आणि एका सेंटीमीटरची किंमत



पेट परीक्षा झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, आणि "टॉपिक तर सापडला, पण त्यात प्रश्न कुठे आहे?" असं विचारणारे बरेच जण असतात. माझंही दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. मी गाईड मॅडमकडे गेलो आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, "मॅडम, मला आफ्रिकेतल्या सरोवरांच्या पाणीपातळीवर उपग्रहाच्या डेटाने काम करायचंय." त्यांनी शांतपणे विचारलं, "पातळी एक सेंटीमीटरने खाली गेली तर कोणाचं काय बिघडतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा सापडलेलं उत्तर आहे.

आधी जागा समजून घेऊ

व्हिक्टोरिया हे क्षेत्रफळाने आफ्रिकेतलं सगळ्यात मोठं सरोवर. सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर. पण खोली बघाल तर सरासरी फक्त ४० मीटर, आणि जास्तीत जास्त ८० मीटरच्या आसपास. म्हणजे हे एक अवाढव्य, पण उथळ ताट आहे. काठावर तीन देश: केनिया, युगांडा, टांझानिया. मालवाहतुकीची मुख्य बंदरं तीन: केनियात किसुमू, युगांडात कंपालाजवळ पोर्ट बेल आणि टांझानियात म्वांझा.

युगांडाला समुद्रकिनारा नाही. त्यांचा बराचसा माल केनियातल्या मोंबासा बंदरातून येतो. २००८ च्या जानेवारीत केनियात निवडणुकीनंतर दंगली झाल्या, रेल्वेचे रूळ उखडले गेले, आणि युगांडात इंधनाची टंचाई झाली. एकाच वाटेवर अवलंबून राहिलं की काय होतं ते तेव्हा सगळ्यांना दिसलं. दुसरी वाट सरोवरातून जाते: दार-एस-सलामहून रेल्वेने म्वांझा, तिथून जहाजाने पोर्ट बेल.

जहाजावर रेल्वे

या सरोवरातली बंदरं मुळात रेल्वेची बाळं आहेत. मोंबासाहून निघालेली युगांडा रेल्वे १९०१ मध्ये आज जिथे किसुमू आहे तिथे पोचली. ती बांधायला ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले, त्यातले बहुतेक पंजाबातले. रूळही इथल्यासारखेच मीटर गेजचे. अकोला-खांडवा मार्गावरची जुनी मीटर गेज गाडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना ते अंतर लगेच डोळ्यासमोर येईल.

जहाजांचं काय? हे सरोवर समुद्रसपाटीपासून साधारण ११३५ मीटर उंचीवर आहे, आणि त्यातून निघणाऱ्या नाईलवर धबधबे आहेत. समुद्रातलं जहाज इथे येऊच शकत नाही. म्हणून जहाज स्कॉटलंडमध्ये बांधायचं, सुटे भाग करून आणायचं आणि काठावर पुन्हा जोडायचं. 'विल्यम मॅकिनन' हे जहाज असंच जोडून १९०० मध्ये पाण्यात उतरलं. इथलं जहाज इथेच जन्मतं आणि इथेच मोडीत निघतं, त्यामुळे दुरुस्तीची गोदीसुद्धा काठावरच लागते.

१९६० च्या दशकात एक हुशार कल्पना आली: माल उतरवून पुन्हा चढवण्यापेक्षा रेल्वेची अख्खी वाघीणच जहाजात ढकलायची. केनियाचं 'उहुरू' आणि टांझानियाचं 'उमोजा' ही त्या काळातली जहाजं. युगांडाने पुढे स्वतःची तीन घेतली: 'काबालेगा', 'पांबा' आणि 'कावा'. जहाजाच्या डेकवरच रूळ असतात. धक्क्यावरून एक हलता पूल जहाजाला टेकवतात आणि इंजिन वाघिणी आत ढकलतं.

आता खरी गंमत इथे सुरू होते.

पहिलं गणित: पुलाचा चढ

समजा, हा हलता पूल ३० मीटर लांबीचा आहे. (हा आकडा मी गणितासाठी धरलाय, कुठल्या एका बंदराचा नाही.) जहाज आणि धक्का समपातळीत असतील तर पूल आडवा. सरोवर १ मीटर खाली गेलं की जहाजही १ मीटर खाली. चढ झाला ३० ला १. आपल्या भोर घाटात चढ ३७ ला १ आहे आणि तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. म्हणजे पाणी एक मीटर उतरलं की धक्क्यावर घाटापेक्षा तीव्र चढ तयार झाला! माल चढेल, पण एका वेळी कमी वाघिणी, हळू आणि जास्त जोखमीने.

समुद्राच्या बंदरात भरती-ओहोटी रोज असते, पण तिचं वेळापत्रक छापलेलं मिळतं. सहा तास थांबा, पाणी परत येतं. सरोवरात भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. पण पातळी वर्षानुवर्षं सरकत राहते, आणि तिचं वेळापत्रक कोणाकडेच नाही. १९६१ ते १९६४ या काळात व्हिक्टोरिया सुमारे अडीच मीटर चढलं. २००६ च्या शेवटी ते साधारण ८० वर्षांतल्या नीचांकावर होतं. २०२० च्या मे महिन्यात त्याने १९६४ ची उंची पुन्हा गाठली, काठावरच्या वस्त्या आणि धक्के पाण्यात गेले. चौदा वर्षांत दोन्ही टोकं! धक्का बांधणाऱ्या इंजिनिअरने नक्की कुठली उंची धरायची?

दुसरं गणित: मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर

पातळी एक सेंटीमीटरने उतरली तर काय बिघडतं?

समजा, जहाज ९० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद आहे. पाण्याच्या रेषेवर त्याचा आकार अगदी आयत नसतो, टोकं निमुळती असतात, म्हणून ०.८५ ने गुणू. क्षेत्रफळ आलं १२२४ चौरस मीटर. हे जहाज १ सेंटीमीटर जास्त बुडायला १२.२४ घनमीटर पाणी बाजूला सारावं लागतं. गोड्या पाण्यात १ घनमीटर म्हणजे १ टन. म्हणजेच एक सेंटीमीटर = सुमारे १२ टन माल.

बंदराच्या तोंडाशी गाळ साचलाय आणि जहाज जेमतेम तळ न लागता जातंय अशी स्थिती असेल, तर पाणी एक सेंटीमीटर उतरलं की दर फेरीला १२ टन माल काठावर सोडावा लागतो. हे आर्किमिडीजचं तत्त्वच आहे, आठवीत शिकलेलं. पण मला हे कळायला पीएचडीचं पहिलं वर्ष गेलं, कारण मी ग्राफमधली रेषा बघत होतो, तिच्यावर तरंगणारं जहाज बघत नव्हतो.

तिसरं गणित: पाणी कोणी नेलं?

या सरोवरात येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे चार-पंचमांश हे थेट सरोवरावर पडणारा पाऊस असतो, नद्यांचा वाटा कमी. जाणाऱ्या पाण्यातलं बहुतेक बाष्पीभवनाने जातं. उरलेलं जिंजा इथून नाईलमध्ये. तिथे १९५४ मध्ये ओवेन फॉल्स धरण झालं (आता नाव नालुबाले). धरणाआधी किती पाणी बाहेर जायचं हे रिपन धबधब्याचा खडक ठरवायचा. धरणानंतर दारं माणसाच्या हातात आली. म्हणून एक ठरलेला आलेख मान्य केला गेला: पातळी इतकी असेल तर विसर्ग इतकाच, म्हणजे निसर्गाने सोडलं असतं तेवढंच.

२००० च्या सुमारास शेजारी कीरा हे दुसरं वीजकेंद्र सुरू झालं. पुढच्या काही वर्षांत ठरलेल्या आलेखापेक्षा जास्त पाणी सोडलं गेलं, आणि त्याच काळात पाऊसही कमी झाला. पातळी घसरली. एक बाजू म्हणाली दुष्काळ, दुसरी म्हणाली धरण.

कोण बरोबर, हे अंदाजाने तपासून बघू. सेकंदाला ५०० घनमीटर जादा विसर्ग वर्षभर चालू ठेवला तर एकूण सुमारे १५.८ घन किलोमीटर पाणी जातं. भागिले ६८,८०० चौरस किलोमीटर. उत्तर: साधारण २३ सेंटीमीटर. आपल्या जहाजाच्या हिशोबात दर फेरीला २८० टन! म्हणजे धरणाची दारं पातळीवर दिसेल इतका परिणाम नक्की करू शकतात. तपशीलवार अभ्यास करणाऱ्यांच्या हिशोबात घसरणीचा जवळपास निम्मा वाटा जादा विसर्गाचा आणि उरलेला कमी पावसाचा निघाला. दोन्ही बाजू अर्ध्या खऱ्या होत्या.

आता सावध व्हा

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, "मग सोपं आहे! २००५-०६ मधली मालवाहतूक घ्यायची, पातळी घ्यायची, कोरिलेशन काढायचं, पेपर तयार." मीही हेच म्हणालो होतो.

पण मे २००५ मध्ये 'काबालेगा' आणि 'कावा' यांची टक्कर झाली आणि 'काबालेगा' बुडालं. युगांडाची उरलेली जहाजंही त्यानंतर बराच काळ उभीच राहिली. नोव्हेंबर २००६ मध्ये केनिया आणि युगांडाची रेल्वे खासगी कंपनीकडे गेली. म्हणजे पाणी उतरलं, जहाजं कमी झाली, रेल्वेचा मालक बदलला, सगळं दोन वर्षांच्या आत. माल कमी झाला तर तो नेमका कशामुळे? कोरिलेशन सुंदर येईल आणि निष्कर्ष चुकीचा निघेल.

जलपर्णीचंही तसंच. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती १९८० च्या दशकाच्या शेवटी या सरोवरात दिसली आणि १९९० च्या दशकात किसुमूच्या आखातात इतकी माजली की जहाजांना वाट मिळेना. मग तिला खाणारे भुंगे सोडले. १९९८ नंतर जलपर्णी झपाट्याने ओसरली. श्रेय भुंग्यांचं? पण १९९७-९८ हे एल निनोचं वर्ष होतं: ढगाळ हवा, लाटा, चढलेलं पाणी. काही अभ्यासकांनी भुंग्यांना श्रेय दिलं, काहींनी एल निनोला, आणि यावर रीतसर वाद झाला.

माझी फजिती

शेवटी एक प्रामाणिक कबुली. माझ्या पहिल्या ग्राफमध्ये सरोवर एका रात्रीत अकराशे मीटर कोसळलं होतं! जिंजाच्या मोजपट्टीवरची नोंद १२-१३ मीटर अशी असते, कारण ती पट्टीच्या स्वतःच्या शून्यापासून मोजतात. दुसऱ्या फाईलमध्ये समुद्रसपाटीपासूनची उंची होती. मी दोन्ही एकाखाली एक चिकटवल्या. ती चूक निदान डोळ्यांना दिसली. उपग्रहाची उंची आणखी वेगळ्या संदर्भापासून मोजलेली असते, आणि तिथला फरक काही सेंटीमीटरचा असला तर तो दिसतही नाही. आता तुम्हाला माहीत आहे की दहा सेंटीमीटर म्हणजे एका फेरीचे १२० टन.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिण्याआधी तीन गोष्टी करून बघा. तुमच्या मोजमापाचं एक एकक बदललं तर कोणाचं काय बदलतं, ते एका वाक्यात लिहा. तुमच्या निष्कर्षाला त्याच काळातलं दुसरं कोणतं कारण असू शकतं, त्याची यादी करा. आणि प्रत्येक फाईलचा शून्य कुठे आहे ते आधी शोधा.

पहिलं वाक्य जमलं नाही तर घाबरू नका. मला दोन वर्षं लागली. मॅडमना परवा हे बारा टनांचं गणित दाखवलं, तर म्हणाल्या, "छान. आता ०.८५ कुठून आणलास ते सांग."

तेच शोधतोय सध्या!